पोस्टमनला लागलेली ठेच

माझे वडील कोकणातल्या एका खेड्यात पोस्टमन होते. बटवडा करून आले की ओटीवर बसून गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडायचे. दिवेलागणीपर्यंत त्यांना कुणी हाकही मारायची नाही. त्यामुळे फ्रान्सच्या द्रोम भागातल्या ओतरीव या खेड्यात गेले, तेव्हा तिथं एका पोस्टमननं बांधलेला महाल बघायच्या आधी मी हिशेब केला तो पायांचा.

इथला पोस्टमन फेर्दिनाँ शवाल रोज तीसेक किलोमीटर चालायचा. १८७९ साली, वयाच्या ४३व्या वर्षी, त्याला वाटेत एका दगडाची ठेच लागली. दगडाचा आकार इतका विलक्षण, की त्यानं तो खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी तिथंच आणखी सापडले. खिसे पुरेनात तेव्हा टोपली आली, मग एकचाकी हातगाडी. ठेच लागली की माणूस शहाणा होतो म्हणतात; गावाच्या मते हा मात्र वेडा झाला. दिवसभर टपाल वाटायचं, वाटेत दगड हेरून ठेवायचे आणि रात्री दिव्याच्या उजेडात चुना-सिमेंटनं रचायचे. गवंडीकाम शिकलेला नव्हता. असं ३३ वर्षं, १९१२पर्यंत!

महाल २६ मीटर लांब आहे. पूर्वेकडे सीझर, गॉल सरदार व्हर्सिंजेटोरिक्स आणि आर्किमिडीज असे तीन उंचच उंच राक्षसी पुतळे. पश्चिमेच्या भिंतीत मशीद, स्विस घर, व्हाइट हाउस आणि चक्क एक हिंदू देऊळही! आपल्याला ओळखीचं वाटेल असं त्यात फारसं काही नाही. कसं असणार? सचित्र मासिकं आणि टपालातून येणारी पोस्टकार्डं, एवढंच त्याचं जगदर्शन. मला सर्वांत आवडला तो एक कोनाडा. देवाच्या जागी तिथं त्याची हातगाडी ठेवली आहे.

पुढं पिकासो येऊन गेला, कवी आंद्रे ब्रेताँला हा महाल अपूर्व वाटला. सरकारी तज्ज्ञ नाकं मुरडत होते, तरी संस्कृतिमंत्री आंद्रे मालरो यांनी १९६९ साली त्याला संरक्षित वास्तू ठरवलं.

शवालला महालातच चिरविश्रांती हवी होती. परवानगी मिळाली नाही. मग पंचाहत्तरी उलटलेल्या त्या म्हाताऱ्यानं गावच्या दफनभूमीत स्वतःचं थडगं बांधायला घेतलं. त्याला आठ वर्षं लागली. ते १९२२ साली पुरं झालं. १९२४च्या ऑगस्टमध्ये तो गेला आणि त्यातच आहे. ओतरीवला गेलात तर महाल पाहून परत फिरू नका. तिथंही जाऊन या.