शाळेचा निकाल आणि शाळेचा पट

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांविषयी कोठेही बोलणे निघाले, की ते थोड्याच वेळात निकालावर येऊन ठेपते. पाचवीच्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नाही, भागाकार जमत नाही, आणि शेजारच्या इंग्रजी शाळेतील मुले मात्र पुढे आहेत, असा या चर्चेचा ठरलेला मार्ग असतो. तक्रार खोटी नव्हे. ‘असर’च्या २०१८ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी अवघ्या २०.९ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. खासगी शाळांत हेच प्रमाण ४०.६ टक्के होते. ही जवळजवळ दुपटीची तफावत पाहून खासगी शाळा दुप्पट चांगले शिकवते, असा निष्कर्ष शहाणीसुरती माणसेही काढतात. आकडे तसे सांगत नाहीत. या दोन प्रकारच्या शाळांत कोणत्या घरांतील मुले बसतात, हे पाहिल्याखेरीज त्यांचा अर्थच लागत नाही.

या प्रश्नाचा पहिला मोठा शोध अमेरिकेत घेतला गेला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यान्वये समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्यावर हे काम सोपविण्यात आले आणि सुमारे चार हजार शाळा पाहून त्यांनी १९६६ मध्ये अहवाल दिला. निग्रो मुलांच्या शाळांना इमारती, पुस्तके, प्रयोगशाळा कमी मिळतात म्हणून ती मुले मागे पडतात, असे उत्तर सर्वांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात असे दिसले, की मुलाच्या यशाशी साधनसामग्रीपेक्षा त्याच्या घरच्या परिस्थितीचा आणि बरोबर बसणाऱ्या मुलांचा संबंध अधिक निकटचा आहे. या अहवालाचा आधार घेऊन शाळेवरचा खर्चच व्यर्थ आहे, असे म्हणणारे लगेच पुढे सरसावले. पण ज्यांना घरचा आधार नाही त्या मुलांवर शाळेच्या बऱ्यावाइटाचा परिणाम अधिक होतो, हेही त्याच अहवालात नमूद होते. ते सोयीस्करपणे बाजूला राहिले.

आपल्याकडचा पुरावा तर तेव्हा शेजारी असलेल्या आंध्र प्रदेशातला आहे. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी तेथील १८० खेड्यांत सोडत काढून काही गरीब मुलांना खासगी शाळेत फुकट शिकण्याची संधी मिळवून दिली आणि सोडतीत नाव न निघालेल्या तशाच घरांतील मुलांशी त्यांची तुलना केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, चार वर्षांनंतर तेलुगु आणि गणितात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हिंदी तेवढी खासगी शाळांतील मुलांना अधिक आली, आणि त्या शाळांचा दर मुलामागील खर्चही बराच कमी होता, हे त्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु घर सारखे ठेवले, की दुपटीचा तो भपका बव्हंशी विरून जातो.

महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, तेव्हा बहुतेक गावांत दुसरी शाळाच नव्हती. तलाठ्याचा मुलगा आणि शेतमजुराचा मुलगा एकाच पटावर होते. एका वस्तीतील सर्व थरांतील मुलांनी जवळच्या एकाच सार्वजनिक शाळेत जावे, अशी शिफारस कोठारी आयोगाने १९६६ मध्ये केली. तिची वाट निराळीच लागली. आज सकाळी गावाच्या वेशीवर पिवळी गाडी येते आणि ज्यांना फी परवडते, ज्यांच्या घरी अभ्यास घेणारे कोणी आहे, त्यांची मुले घेऊन जाते. या स्थलांतरात खुद्द शिक्षकांची मुलेही असतात, हे कटू असले तरी खरे आहे.

मागे कोण उरते? बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या गावांत दिवाळीच्या आगेमागे आईबाप कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात, आणि आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात सोय न झालेले मूल बैलगाडीत नाहीतर ट्रकमध्ये त्यांच्याबरोबर जाते. ते परतते मार्च-एप्रिलमध्ये. नाव पटावर असते, मूल फडात असते. निकाल मात्र शाळेच्या नावे जमा होतो. मेळघाटातील मुलाच्या घरी कोरकू बोलतात, गडचिरोलीत गोंडी. त्याला पहिलीत अक्षर आणि भाषा दोन्ही एकदमच नवी असतात. अशा मुलाने तिसरीत मराठी उतारा अडखळत वाचला, तर ते अपयश म्हणायचे की तीन वर्षांची कमाई?

शिवाय टक्केवारीची स्वतःची एक गंमत असते. आठ मुलांच्या वर्गात एका मुलाने साडेबारा टक्के हलतात. दोन हुशार मुले गाडीत बसून गेली, तर तोच शिक्षक तसेच शिकवीत असतानाही शाळा ‘घसरली’ असे तालुक्याच्या बैठकीत जाहीर होते. ते ऐकून आणखी दोन पालक दाखला मागतात. पट विसाच्या खाली गेला की शाळेचे अस्तित्वच चर्चेत येते. २०२३ मध्ये समूहशाळांचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा राज्यात अशा शाळा चौदा-पंधरा हजारांच्या घरात होत्या. त्यांतील पुष्कळ वाड्या, तांडे आणि पाडे यांवरच्या आहेत, आणि तेथील सहा वर्षांच्या मुलीला दूरची शाळा म्हणजे बहुधा शाळा नव्हेच.

शिक्षकाला सबब मिळावी म्हणून हे लक्षात घ्यायचे नाही. उलट पट वाचला, तर न शिकवणारा शिक्षकही अधिक स्पष्ट दिसेल, कारण खात्यापित्या घरांच्या मुलांमागे लपलेली सुस्त शाळाही मग उघडी पडेल. त्यासाठी जूनमध्ये मूल कोठे होते, एप्रिलमध्ये कोठे पोहोचले आणि मधल्या काळात किती दिवस वर्गात होते, हे तीन आकडे एकाच मुलाच्या नावासमोर मांडावे लागतात. हजेरीपट शाळेत आहे, मातृभाषेचा रकाना जनरल रजिस्टरात आहे, वाचनाची चाचणी तर शिक्षक घेतातच. ही कागदपत्रे एकाच टेबलावर, एकाच वेळी उघडली जात नाहीत, एवढेच.