ठोक्यांची राखण

अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या रुग्णालयांत ‘मॉनिटर टेक्निशियन’ असं एक पद असतं. आपल्याकडे ते वेगळं असं सहसा आढळत नाही. मॉनिटर खाटेशी असतो आणि तिथली सिस्टरच त्यावर नजर ठेवते. तिकडे मात्र साध्या वॉर्डातल्या, हिंडत्याफिरत्या रुग्णाच्याही छातीवर पाच इलेक्ट्रोड चिकटवलेले असतात, गाऊनच्या खिशात छोटा ट्रान्समीटर असतो, आणि त्याच्या हृदयाची लय दूरच्या एका खोलीत पडद्यावर उमटत असते. त्या खोलीत बारा-बारा तास बसून ती लय वाचायची, हे आमचं काम. न्यू जर्सीतल्या एका रुग्णालयात नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून निवृत्त होईपर्यंत मी ते केलं. या काळात यंत्रं किती सुधारली याचं मला कौतुक आहेच. पण सगळ्यात मोठा बदल झाला तो अंतराचा. राखण करणारा आणि ज्याची राखण करायची तो रुग्ण, हे दोघे एकमेकांपासून लांब लांब होत गेले.

वास्तविक ही राखण सुरू झाली ती दोघांना जवळ आणण्यासाठी. १९६०च्या आधी हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला रुग्णालयात जिथे खाट मिळेल तिथे झोपवत. दाखल झालेल्या शंभरातले तीसेक दगावत. पुष्कळांचा जीव जाई तो व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनने. यात हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरत राहतात, रक्त पुढे जात नाही, आणि काही मिनिटांत सगळं संपतं. यावर उपाय नव्हता असंही नाही. बाहेरून विजेचा झटका देऊन लय परत आणता येते हे पॉल झोल यांनी १९५६ मध्ये दाखवलं होतं. छाती न उघडता, नुसती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येतं हे १९६० मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या कौवेनहोव्हन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी दाखवलं. प्रश्न एवढाच होता की हे करायला त्या मिनिटाला तिथे कोण आहे?

त्याचं उत्तर १९६१ मध्ये एडिंबरोच्या डेस्मंड ज्युलियन यांनी सुचवलं: असे सगळे रुग्ण एका ठिकाणी ठेवा, त्यांच्या ईसीजीवर अखंड लक्ष ठेवा आणि शॉक देण्याचं यंत्र हाताशी ठेवा. पुढच्याच वर्षी कॅन्सस सिटीच्या बेथनी हॉस्पिटलमध्ये डॉ. ह्यूज डे यांनी असा कक्ष उघडला. फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्टझर त्याही पुढे गेले. लय ओळखायला शिकलेल्या नर्सला त्यांनी डॉक्टरची वाट न पाहता शॉक देण्याचा अधिकार दिला. त्या काळात हे फार मोठं धाडस होतं, आणि माझ्या मते आमच्या कामाचा खरा जन्म तिथला. डॉक्टर नसलेल्या माणसाने रेषा वाचायची आणि त्या वाचनावर लगेच हालचाल व्हायची, हे तिथे पहिल्यांदा मान्य झालं. अशा कक्षांमध्ये झटक्याने होणारे मृत्यू पुढे जवळपास निम्म्यावर आले.

अंतर वाढवणारी गोष्टही त्याआधीपासूनच घडत होती. मोंटाना राज्यातल्या हेलेना गावी नॉर्मन होल्टर हे संशोधक हृदयाचे विद्युतसंकेत रेडिओवरून पाठवण्याच्या खटपटीत होते. १९४९च्या सुमाराचं त्यांचं पहिलं यंत्र सुमारे ३८ किलोंचं, पाठीवर बांधून चालावं लागे असं. ते लहान होत होत खिशात मावलं, आणि अतिदक्षता विभागात नसलेल्या रुग्णावरही नजर ठेवणं शक्य झालं.

मी या कामात आले ती मुंबईहून. पालिकेच्या एका रुग्णालयात मी ईसीजी काढायची. बीपीएलचं कार्डिआर्ट यंत्र, हातापायांना चिमटे, छातीवर रबरी फुग्यांचे इलेक्ट्रोड, जेलीचा डबा. पट्टी निघाली की कापून कार्डावर चिकटवायची. तो कागद उष्णतेने उमटणारा, त्यामुळे काही वर्षांत अक्षरंसुद्धा पुसट व्हायची. तिथे रुग्ण माझ्यासमोर झोपलेला असे. त्याला थंडी वाजते आहे, तो घाबरला आहे, श्वास रोखून धरतो आहे, हे दिसायचं, आणि रेषा का थरथरली ते न सांगता कळायचं.

न्यू जर्सीत गेल्यावर आधी हात नव्याने घडवावे लागले. भारतात लाल तार उजव्या हाताची, पिवळी डाव्या, हिरवी डाव्या पायाची आणि काळी उजव्या पायाची. अमेरिकेत उजवा हात पांढरा, डावा काळा, लाल जाते डाव्या पायाला आणि हिरवी उजव्या. हे चुकलं तर रेषा उलटी येते आणि धडधाकट हृदय आजारी दिसतं. बाकी गणित तेच: कागद सेकंदाला २५ मिलिमीटर धावणार, बारीक चौकोन ०.०४ सेकंदाचा, मोठा ०.२ सेकंदाचा. प्रत्येक पाळीत प्रत्येक रुग्णाची सहा सेकंदांची पट्टी काढायची, कॅलिपरने अंतरं मोजायची, लयीचं नाव लिहून सही करायची.

तेव्हा आमची जागा वॉर्डातच, नर्सच्या टेबलाशेजारी होती. मान वळवली की खोल्यांची दारं दिसत. पहिल्याच आठवड्यात मला शिकवलं गेलं ते काय कळवायचं नाही हे. मध्येच पडणारा एखादा जादा ठोका पाहून धावायचं नाही. त्यामागे मोठी किंमत मोजून मिळालेलं शहाणपण होतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत समजूत अशी की हे जादा ठोके औषधाने दाबले तर माणूस वाचेल. ‘कास्ट’ नावाच्या चाचणीने ती पार उलटवली. झटक्यातून उठलेल्या १,४९८ रुग्णांपैकी एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड घेणाऱ्यांत ६३ जण दगावले, नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्यांत २६. चाचणीचा हा भाग १९८९ मध्ये थांबवावा लागला. पडद्यावरची रेषा सुधारली म्हणजे माणूस सुधारला असं नव्हे, हे आमच्या क्षेत्राला त्या निकालाने शिकवलं. नव्या मुलींना मी ही गोष्ट दरवेळी सांगत आले.

मग अलार्म वाढले. पूर्वी टेलिमेट्री, म्हणजे खिशातल्या ट्रान्समीटरवरची ही दूरची नजर, मोजक्यांना लागे. हळूहळू ‘असू दे खबरदारी म्हणून’ ती कुणालाही लागू लागली. यंत्र तर जराशा शंकेने वाजणारच. रुग्ण दात घासतो तेव्हा हाताच्या हालचालीने पडद्यावर व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया या खालच्या कप्प्यांच्या धोकादायक वेगवान लयीसारखी हुबेहूब रेषा उमटते. पार्किन्सनचा कंप एट्रियल फ्लटर या वरच्या कप्प्यांच्या फडफडत्या लयीसारखा दिसतो. रात्री शेतावर जागल करणाऱ्याला वाऱ्याने हललेलं कणीस आणि डुकराने हलवलेलं कणीस आवाजावरून वेगळं कळतं. आमचं कसब त्याच जातीचं. दंगा घालणाऱ्या रेषेतही खरे ठोके ठरल्या अंतराने डोकावताना दिसले, की ही हालचाल आहे, हृदय नव्हे. तरी मी फोन करायचीच. रात्रपाळीला बऱ्याच सिस्टर केरळच्या नाहीतर फिलिपिन्सच्या. “बाराव्या खाटेवरचे आजोबा काय करतायत?” असं विचारलं की पलीकडून, “ब्रश करतायत, ताई,” असं उत्तर यायचं. मल्याळी सिस्टरनी माझ्याकडून उचललेलं ते ‘ताई’ पुढे सगळ्या मजल्यावर रूढ झालं.

अलार्मचा हा पूर सगळीकडेच होता. सॅन फ्रान्सिस्कोत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात २०१३ मध्ये अतिदक्षतेच्या ७७ खाटांचे अलार्म ३१ दिवस नोंदवले, तर ते २५ लाखांवर गेले. तपासून पाहिलेल्या लयीच्या अलार्मपैकी जवळजवळ ८९ टक्के खोटे निघाले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने इशारा दिला: २००९ ते २०१२ या काळात अलार्मशी निगडित ९८ घटना त्यांच्याकडे कळवल्या गेल्या, त्यांतल्या ८० मृत्यूच्या. सारखं वाजणाऱ्या गोष्टीकडे माणसाचे कान आपोआप बंद होतात. यात कुणा सिस्टरचा आळस नसतो. बॉस्टन मेडिकल सेंटरने यावर साधा उपाय केला. मर्यादा विचारपूर्वक सैल केल्या, बिनकामाचे इशारे बंद केले, आणि एका विभागातले आठवड्याचे ८८ हजार अलार्म १० हजारांच्या आत आणले. आमच्याकडेही पुढे तसं झालं, तेव्हा वॉर्डातल्या शांततेने रुग्णांना झोप लागू लागली.

याच सुमारास आम्हाला वॉर्डातून उचलून तळमजल्यावर नेलं. सगळे पडदे एका खोलीत, खिडकी नाही. लक्ष विचलित होत नाही हा फायदा खरा होता आणि तो मी नाकारत नाही. क्लीव्हलँड क्लिनिकने तर हे काम रुग्णालयाबाहेरच्या केंद्रात नेलं. तिथे एका टेक्निशियनकडे ४८पर्यंत रुग्ण असत, आणि १३ महिन्यांत ९९ हजारांवर रुग्णांवर लक्ष ठेवल्याचा त्यांचा अहवाल २०१६ मध्ये आला. केंद्राने वेळेआधी थेट धोक्याची सूचना दिलेल्या हृदय बंद पडण्याच्या २७ घटनांपैकी २५ मध्ये रक्ताभिसरण परत सुरू झालं. हे आकडे वाचून मला मनापासून आनंद झाला.

तरी लांबून पाहण्याची मर्यादा २०२० मध्ये दिसली. मार्चच्या अखेरीस कोविडवर हायड्रॉक्सीक्लोरोक्विनला तातडीच्या वापराची परवानगी मिळाली आणि सोबत अॅझिथ्रोमायसिनही दिलं जाऊ लागलं. दोन्ही औषधं रेषेवरचं क्यूटी अंतर (खालचे कप्पे उत्तेजित होऊन पुन्हा पूर्ववत होईपर्यंतचा वेळ) लांबवतात, आणि ते ५०० मिलिसेकंदांपुढे गेलं की टोर्साद ही पिळवटत जाणारी जीवघेणी लय सुरू होण्याची भीती. आमचे कॅलिपर दिवसरात्र चालू होते. एरवी आम्ही “जरा जाऊन बघता का?” म्हटलं की सिस्टर अर्ध्या मिनिटात खाटेशी असे. आता तिला आधी गाऊन, मास्क, ढाल चढवायची असे. इलेक्ट्रोड घामाने सुटला की रेषा सपाट व्हायची. तो सुटलेला इलेक्ट्रोड आहे की थांबलेलं हृदय, हे दुसऱ्या लीडवरून आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या लाटेवरून ताडायचं, आणि मगच तिला त्या खोलीत धाडायचं. जूनमध्ये ती परवानगी मागे घेतली गेली. त्या वसंतात आमच्यापैकी कुणीही आपली पाळी चुकवली नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

आता संगणकाचे अल्गोरिदम बरीच चाळणी करतात आणि ती चांगली करतात. एका टेक्निशियनने किती पडदे सांभाळायचे याला मात्र देशभर लागू असा नियम अजून नाही. प्रत्येक रुग्णालय आपापलं ठरवतं, आणि माणसं कमी पडली की तो आकडा चढतो. तो कागदावर पक्का व्हायला हवा. शेवटच्या काही वर्षांत मी आमच्या विभागाकडून आणखी एक गोष्ट मान्य करून घेतली: नव्या टेक्निशियनचे पहिले दोन आठवडे पडद्यासमोर नव्हे, वॉर्डात. छाती पुसायची, केस असतील तर काढायचे, इलेक्ट्रोड चिकटवायचे, बॅटरी बदलायची, आणि रुग्ण कुशीवर वळला की रेषा कशी वळते ते त्याच्या खाटेशी उभं राहून पाहायचं.