केशी, गौतम आणि पार्श्वनाथांची चार व्रते

वेरूळच्या जैन लेण्यांत डोक्यावर नागफण्यांचे छत्र असलेली मूर्ती दिसली, की ती पार्श्वनाथांची हे कोणी सांगावे लागत नाही. भोवती अंगावर धावून येणारे वैरी कमठाचे सैन्य, मधे निश्चल उभे तेविसावे तीर्थंकर आणि वर नागराज धरणेंद्राचा फणा. शिल्प पाहताना भान हरपते खरे, पण या नागामुळे पार्श्वनाथांची शिकवण मात्र आपल्या नजरेआड राहिली.

वाराणसीचा राजा अश्वसेन आणि वामादेवी यांचा हा मुलगा. तिसाव्या वर्षी घर सोडले, सत्तर वर्षे श्रमण म्हणून काढली आणि सम्मेदशिखरावर, म्हणजे आजच्या झारखंडातल्या पारसनाथ डोंगरावर, देह ठेवला. परंपरेच्या हिशेबाने महावीरांच्या निर्वाणाआधी 250 वर्षे. महावीरांचे आईवडील पार्श्वांच्या अनुयायांपैकी होते, असे आचारांगसूत्र सांगते. हर्मान याकोबींपासून बहुतेक अभ्यासक त्यांना ऐतिहासिक पुरुष मानत आले आहेत. कल्पसूत्रात त्यांच्या संघात 16,000 साधू आणि 38,000 साध्वी असल्याचे म्हटले आहे. आकडे परंपरेचे आहेत. तरी साध्वींची संख्या साधूंच्या दुपटीहून जास्त सांगणारी ही आठवण मला मोलाची वाटते.

त्यांचा धर्म चार व्रतांचा, म्हणून चातुर्याम: हिंसा नको, असत्य नको, चोरी नको, संग्रह नको. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी आयुष्यभर बौद्ध ग्रंथांत रमले, पण अखेरीस त्यांनी ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे पुस्तक लिहिले. 1947 मध्ये सेवाग्रामला अन्नत्याग करून त्यांनी देह सोडला. या चार व्रतांचा विचार त्यांनी किती मनावर घेतला होता, हे त्यावरून कळते.

पुढे महावीरांनी ब्रह्मचर्य वेगळे काढून व्रते पाच केली. मग पार्श्वांचे जुने साधू आणि महावीरांचे नवे शिष्य यांच्यात खरे कोण? उत्तराध्ययनसूत्राच्या तेविसाव्या अध्ययनात याचे उत्तर आहे. जैनांतली दिगंबर परंपरा हा आगमग्रंथ प्रमाण मानत नाही, पण प्रसंग वाचण्याजोगा आहे. श्रावस्तीत पार्श्वपरंपरेतले केशी तिंदुक उद्यानात उतरलेले, महावीरांचे शिष्य गौतम दुसऱ्या उद्यानात. केशींची परंपरा आधीची, तेव्हा आपणच जावे, म्हणून गौतम निघाले. केशींनी त्यांना बसायला गवत अंथरून दिले.

मग केशींनी थेट विचारले: ध्येय एक, तर चार आणि पाच असा भेद का? गौतमांनी कोणाला खोटे पाडले नाही. पार्श्वांसारख्या मधल्या तीर्थंकरांच्या काळचे साधक सरळ आणि समजदार होते, त्यांना संग्रहत्यागातच ब्रह्मचर्य कळत होते. आताची माणसे पळवाटा शोधतात, म्हणून नियम उघड सांगावा लागतो, एवढेच त्यांचे म्हणणे. दुसरा प्रश्न वेषाचा. पार्श्वांचे साधू वस्त्र वापरत, महावीरांनी ते सोडले. वेष लोकांना ओळख पटावी म्हणून असतो, मोक्षाची खरी साधने ज्ञान, दर्शन आणि चारित्र्य, असे गौतम म्हणाले. एकेका शंकेचे उत्तर मिळत गेले तसे केशी मोकळेपणाने दाद देत गेले, आणि शेवटी त्यांनी पाच व्रते स्वीकारली. पुढे श्वेतांबर आणि दिगंबर असे दोन पंथ झाले, तेव्हाही वस्त्र हाच वादाचा मोठा मुद्दा होता. पार्श्वनाथांची पूजा मात्र दोन्ही पंथ आजवर करत आले आहेत.