शी-ज्यांग : चीनच्या ऊसपट्ट्यातील नदी

शाळेच्या भूगोलात होआंगहो आणि यांगत्सेबरोबर सिकियांग हे नाव वाचल्याचे जुन्या सभासदांना आठवत असेल. तीच ही शी-ज्यांग, म्हणजे 'पश्चिमेची नदी'. तिची माहिती देण्याचे कारण ऊस. चीनच्या एकूण साखरेपैकी निम्म्याहून अधिक साखर एकट्या ग्वांगशी प्रदेशात तयार होते आणि या प्रदेशाचा बहुतेक भाग याच नदीच्या खोऱ्यात आहे.

नदी एक, पण नावे पाच. युनानच्या डोंगरात उगम पावते तेव्हा ती नानपान. बेइपान मिळाली की होंगश्वेइ, म्हणजे 'तांबडे पाणी'. ल्यू नदी मिळाल्यावर छ्येन, गुइपिंगला यू-ज्यांग मिळाल्यावर शुन, आणि वुझौ शहरापाशी गुइ नदी मिळाली की मग कुठे शी-ज्यांग! आपल्याकडे भीमेची पंढरपुरात चंद्रभागा होते, पण इथे दर मोठ्या संगमाला नवे बारसे. एकूण लांबी सुमारे २,२०० किलोमीटर.

यातली यू-ज्यांग आपल्या दृष्टीने महत्त्वाची. नानिंग शहराच्या वरच्या अंगाला 'डावी नदी' आणि 'उजवी नदी' मिळून ती होते. आपण प्रवाहाच्या दिशेला तोंड करून डावा-उजवा काठ ठरवतो. ही नावे मात्र उगमाकडे तोंड केले तरच जुळतात. डाव्या नदीचे काही पाणी व्हिएतनाममधून येते. तिच्याच काठी चोंगझुओ हा उसाचा मोठा जिल्हा आहे.

आता बघा, सगळ्या उपनद्या पंख्याच्या काड्यांसारख्या वुझौकडे गोळा होतात. वर्षातले बहुतेक पाणी एप्रिल ते सप्टेंबरमध्ये वाहते. दोन-तीन नद्यांचे लोंढे एकाच वेळी आले की वुझौची धडगत नसते. जून २००५ मध्ये असाच मोठा पूर आला होता.

एवढे पाणी, तरी उसाचे बरेचसे क्षेत्र कोरडवाहू! ऊस आहे उतारावर, नदी खाली खोल. त्यात पुष्कळ भाग चुनखडीचा, म्हणजे पडलेला पाऊस भेगांतून थेट जमिनीच्या पोटात. पाऊस हजार मिलिमीटरच्या वर पडूनही हिवाळ्यात आणि वसंतात रान तहानलेले राहते. उचलून पाणी द्यायचे तर खर्च आला. लिफ्टचे वीजबिल भरणाऱ्या आपल्या सभासदांना हे वेगळे सांगायला नको.

नदीवर धरणे मोठी आहेत. गुइपिंगजवळच्या दातेंगश्या धरणाचे काम २०१४ साली सुरू झाले. पूरनियंत्रण, वीज, जलवाहतूक यांबरोबर सिंचनही त्याच्या उद्देशांत आहे. पण कोरड्या दिवसांत खाली मुखाशी समुद्राचे खारे पाणी नदीत वर चढते आणि मकाव, झुहाइ या शहरांचे पिण्याचे पाणी बिघडते. ते रेटून मागे लावण्यासाठी वरच्या धरणांतून गोडे पाणी सोडावे लागते. २००५ पासून हे चालू आहे. म्हणजे ज्या दिवसांत वरच्या रानांना ओल हवी, त्याच दिवसांत खालच्या शहरांचीही मागणी असते.