थंडी, गारपीट आणि पंचनाम्याचा कागद

निसर्ग जात पाहत नाही, असे वाक्य प्रत्येक आपत्तीनंतर कोणीतरी म्हणतोच. ते वाक्य अर्धेच खरे आहे. वाऱ्याला जात नसते हे कबूल. परंतु वारा ज्या छपरावर आदळतो ते छप्पर कुठे उभे राहील, ते पत्र्याचे असेल की स्लॅबचे, त्याखालची जमीन कोणाच्या नावावर असेल, हे या समाजव्यवस्थेने फार पूर्वी ठरवून ठेवले आहे. आणि वादळ ओसरल्यावर सरकारी माणूस जो कागद घेऊन येतो, त्या कागदाला मालकीखेरीज फारसे काही दिसत नाही. हिवाळ्यातील आपत्ती आणि हा कागद यांचा संबंध कार्यकर्त्यांनी व शिक्षकांनी नीट समजून घ्यावा, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम हवामानाचे शास्त्र थोडक्यात पाहू. आपल्याकडे पाऊस म्हटले की नैऋत्य मोसमी वारे आठवतात. परंतु हिवाळ्यात उत्तर भारतावर राज्य चालते ते पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांचे. भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण, अफगाणिस्तान ओलांडत ही हवेची वादळी मालिका हिमालयापर्यंत येते. काश्मीर आणि हिमाचलात तिचा बर्फ होतो, पंजाब-हरियाणात पाऊस होतो. ती पुढे सरकली की तिच्यामागून कोरडे, गार वारे राजस्थान आणि मध्य प्रदेशावरून थेट आपल्या नाशिक-जळगावपर्यंत उतरतात. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून खाली गेले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वा अधिक घसरले, तर हवामान खाते त्याला थंडीची लाट म्हणते. निफाडच्या द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटतात त्या याच दिवसांत. त्या शेकोट्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून असतात. त्या पेटवायला रात्रभर जागणारा माणूस बहुधा बागेचा मालक नसतो.

हेच गार वारे जेव्हा समुद्रावरून आलेल्या दमट हवेला भिडतात, तेव्हा अवकाळी पाऊस आणि गारपीट होते. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्र याच संगमाखाली झोडपून निघाले. उभा गहू, ज्वारी, हरभरा, द्राक्षे, डाळिंब सारे आडवे झाले. कोकणचा हिवाळाही निर्धोक राहिलेला नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस कन्याकुमारीजवळ उठलेले ‘ओखी’ अरबी समुद्रातून वर सरकत आले आणि गुजरातच्या किनाऱ्याजवळ येता येता विरले. पण ४ आणि ५ डिसेंबरला त्याने मुंबई-कोकणात ऐन हिवाळ्यात पाऊस पाडला.

त्या तारखा या पत्राच्या वाचकाला वेगळ्या सांगायला नकोत. महापरिनिर्वाण दिनासाठी गावोगावहून आलेली माणसे तेव्हा दादरला पोचलेली होती. मुंबईच्या शाळांना ५ तारखेला सुट्टी दिली गेली. म्हणजे ज्यांना घर होते त्यांना घरी राहण्याची सोय झाली. शिवाजी पार्कवरच्या तंबूंत चिखल झाला आणि लोकांना महापालिकेच्या शाळांत हलवावे लागले. आपले सर्वांत मोठे मेळावे उघड्या मैदानावर होतात, कारण आपल्या माणसाला मुंबईत उतरायला दुसरी जागा नसते. अशा माणसाला हिवाळ्यातील एका दिवसाचा पाऊसही मोठाच असतो.

मी राहतो त्या करंजाडेचे उदाहरण घ्या. पनवेलला लागून असलेले हे गाव आता सिडकोची वसाहत झाले आहे. इमारती उभ्या राहत आहेत आणि त्या उभ्या करणारी माणसे पायथ्याशी पत्र्याच्या खोपटांत राहत आहेत. मराठवाडा-विदर्भातून आलेले मजूर सकाळी नाक्यावर कामाच्या आशेने थांबतात. पाऊस आला की त्या दिवशी मुकादम फिरकत नाही. पलीकडे रायगड जिल्ह्याच्या ग्रामीण भागात दिवाळीनंतर वीटभट्ट्या सुरू होतात आणि कातकरी कुटुंबे उचल घेऊन भट्टीवर जातात. त्यांची मजुरी हजार विटांच्या हिशोबाने असते. थापलेल्या कच्च्या विटा वाळत पडलेल्या असताना अवकाळी आला, की विटांचा पुन्हा चिखल होतो. तो चिखल मालकाच्या हिशोबात वीट म्हणून धरला जात नाही. म्हणजे नवरा-बायको आणि पोरांनी आठवडाभर केलेले काम शून्य होते आणि उचल मात्र अंगावर तशीच राहते. पाऊस एका रात्रीचा असतो, त्याचे कर्ज पुढच्या हंगामापर्यंत फेडावे लागते.

आता पंचनाम्याकडे वळू. आपत्तीनंतर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी मिळून पाहणी करावी, अशी पद्धत आहे. मदत मिळते ती राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून. त्याचे निकष केंद्र सरकार ठरवते. वादळ, पूर, गारपीट यांच्याबरोबर थंडीची लाट आणि दहिवर यांचाही समावेश २०१२ मध्ये या यादीत झाला. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरलेले निकष पाहा. पिकाचे नुकसान ३३ टक्के वा अधिक असेल तर जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० रुपये, बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत. सपाट प्रदेशात घर पूर्ण पडले तर १,२०,००० रुपये. झोपडी असेल तर ८,००० रुपये. घराच्या मदतीला एक अट आहे: ते बांधकाम अधिकृत असल्याचे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले असावे.

या आकड्यांमधून जातिव्यवस्था कशी बोलते ते बघा. हेक्टरी रक्कम सातबारा पाहून मिळते. ज्याच्याकडे सातबारा नाही, तो बटाईने कसणारा असो की दुसऱ्याच्या रानात सोंगणी करणारा, त्याचे नुकसान या रकान्यात बसत नाही. घराची रक्कम अधिकृत बांधकामाला मिळते. गायरानावर, ओढ्याकाठी, गावकुसाबाहेर दोन-तीन पिढ्या राहिलेल्या माणसाचे घर पडते तेव्हा कागदाच्या भाषेत घर पडलेलेच नसते. जमीन का नाही, याचे उत्तर निसर्गात सापडत नाही. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी देशभर तुरुंग भरले ते याच प्रश्नासाठी.

२०१४ च्या गारपिटीत आमच्या गावी, जालना जिल्ह्यात, माझ्या वडिलांच्या घरावरचे पत्रे फुटले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गव्हाच्या आणि ज्वारीच्या सोंगणीचे सगळे दिवस गेले. वर्षाचे धान्य ज्या तीन-चार आठवड्यांत घरात येते तेच आठवडे. पाहणीला आलेल्या माणसाने विचारले, ‘शेत किती?’ वडील म्हणाले, ‘शेत नाही, साहेब.’ त्याने वही मिटली. घर गायरानात, म्हणून तेही लिहिले गेले नाही. तो माणूस दुष्ट नव्हता. त्याच्या वहीत आमच्यासाठी रकाना नव्हता.

येथे कोणी म्हणेल की शेतकरीच जिथे मोडला तिथे मजुराचे काय घेऊन बसलात. लहान शेतकऱ्याची मदत कमी करा असे आमचे म्हणणे नाही. ती अपुरी आहे हे वरच्या आकड्यांवरून कोणालाही कळेल. पण पीक गेल्यावर मजुराची मजुरीही जाते, ही साधी गोष्ट शासनाने पूर्वी मान्य केलेली आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो लोक कामावर आले, त्यातून रोजगार हमीचा विचार पक्का झाला, १९७७ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. दुष्काळात मजुराचा बुडालेला दिवस हे नुकसान मानले गेले. मग गारपिटीत आणि वादळात बुडालेला दिवस नुकसान का नाही?

खरे तर निकषांतच एक वाट आहे आणि ती फार थोड्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. आपत्तीमुळे ज्यांची उपजीविका गंभीरपणे बाधित झाली अशा कुटुंबांना निर्वाह साहाय्य देण्याची तरतूद त्यात आहे. २०२२ च्या निकषांनी ते मनरेगाच्या दैनंदिन मजुरीच्या दराशी जोडले आणि कुटुंबातील दोन प्रौढांपर्यंत लागू केले. त्यासाठी सातबारा लागत नाही. लागते ते एवढेच, की उपजीविका बुडाली हे कोणीतरी लिहिले पाहिजे. शेताचा पंचनामा होतो. बुडालेल्या दिवसांचा पंचनामा माझ्या पाहण्यात कधी झालेला नाही. म्हणून ती तरतूद कागदावरच पडून राहते.

हा केवळ गरीब देशाचा प्रश्न आहे असेही समजू नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात बर्फाचे वादळ आले, लाखो घरांची वीज गेली आणि सरकारी मोजणीनुसार २४६ माणसे मेली. गोठून मेलेले बरेचसे आपल्या घरातच मेले. ज्याचे घर उबेचे, ज्याच्या गाडीत इंधन, तो निभावला. श्रीमंत देशातही हवामान माणसाला त्याच्या पायरीवरच गाठते.

तेव्हा करायचे काय? पाहणीच्या दिवशी वस्तीतील दोन शिकलेली मुले तलाठ्याबरोबर फिरली पाहिजेत. त्याआधी वस्तीची एक यादी तयार हवी: कुटुंबप्रमुखाचे नाव, कामाचे ठिकाण, किती दिवस काम बुडाले, कच्च्या विटा किती भिजल्या, छपराचे काय झाले. घराचा कागद नसेल तर वीजबिल, शिधापत्रिका, मतदारयादीतील नोंद जोडावी. ग्रामसभेत ठराव घेऊन ही यादी तहसीलदाराला लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी आणि अर्जात ‘उपजीविका बाधित कुटुंब’ हेच शब्द वापरावेत. महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेची मुले श्रमदानात रस्ते झाडतात. त्यांना हे काम शिकवले तर त्यांचे शिक्षणही होईल.

बाबासाहेबांनी आपल्याला अर्ज लिहायला शिकवले, निवेदने द्यायला शिकवले, कागदाची ताकद ओळखायला शिकवले. पुढची गारपीट केव्हा होईल हे हवामान खाते दोन-चार दिवस आधी सांगेल. आपली यादी त्याच्याही आधी तयार असली पाहिजे.