कॅम्पर व्हॅन, मोठा पतंग आणि खारा वारा : कांजूरमार्गहून किनाऱ्याकडे निघण्याआधी हे समजून घ्या

कांजूरमार्ग : पायाखाली फळी, कमरेला पट्टा आणि डोक्यावर भला मोठा पतंग. वाऱ्यानं पतंग ओढला की माणूस फळीवर उभा राहून पाण्यावरून सुसाट निघतो. या खेळाला काइटसर्फिंग म्हणतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तो पहिल्यांदा आला. त्याच्या शर्यती झाल्या त्या सावरकरांच्या उडीमुळे आपल्याला माहीत असलेल्या मार्सेलिसच्या समुद्रात. चार मित्र व्हॅन घेऊन अशा सफरीला निघणार असतील, तर त्यांना काय ठाऊक हवं? आणि ते ज्या गावात उतरणार, त्या गावाला काय ठाऊक हवं?

कांजूरमार्गला का जमत नाही?
पूर्वेला ठाण्याची खाडी आहे, पण तिथं मिठागरं, चिखल आणि खारफुटी. या खेळाला मोकळा वाळूचा किनारा लागतो. जवळ विजेच्या तारा, माडाची झाडं किंवा गर्दी नको. म्हणून व्हॅन ऐरोली पुलावरून पनवेल गाठते आणि तिथून मुंबई-गोवा महामार्गानं कोकणात उतरते.

वारा कधीचा, कुठला?
हा संक्रांतीचा पतंग नव्हे. कापडी पतंगाच्या नळ्यांत पंपानं हवा भरतात. आकार साधारण ७ ते १५ चौरस मीटर, दोऱ्या २० ते २५ मीटर लांब. वारा ताशी २२ ते ४५ किलोमीटर असला तर खेळ जमतो. वारा कमी तर पतंग मोठा, वारा जास्त तर पतंग छोटा.

शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथं कामी येतात. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो. रात्री जमीन लवकर थंड होते आणि पहाटेपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. मतलई वाऱ्यात पतंग उडवला, तर वारा माणसाला थेट खोल समुद्रात नेतो. सगळ्यात मोठा धोका हाच.

वारा किनाऱ्याला तिरका असावा. कोकणचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. फेब्रुवारी ते मे या काळात दुपारी वायव्येचा वारा तिरका मिळतो. पावसाळ्यात मात्र समुद्राच्या वाटेला जायचंच नाही.

मोबाईलवर व्हिडिओ बघून हा खेळ येत नाही. गोव्यात पेडणे तालुक्यातलं मोरजी आणि तमिळनाडूत रामेश्वरमच्या बाजूला तो शिकवतात. संकटात पतंग झटक्यात सोडायचा कसा, हे आधी शिकायचं.

गाडी वाळूत नको
भरतीचा हिशेब कोळीवाड्यात तोंडपाठ असतो : तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे साधारण ३ वाजता पूर्ण भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त वर चढतं. ओहोटीला कडक दिसणाऱ्या वाळूत जड व्हॅन रुतली आणि भरती लागली, की ट्रॅक्टरही कमी पडतो.

दुसरं म्हणजे कागदपत्रं. साध्या व्हॅनच्या रचनेत आरटीओच्या परवानगीशिवाय बदल करता येत नाही. परस्पर बदल केलेल्या गाडीला अपघात झाला, तर विम्याचे पैसे अडकू शकतात. त्यापेक्षा कॅरॅव्हॅन म्हणून नोंद असलेली गाडी भाड्यानं घेतलेली बरी.

गावाचा फायदा कुठं?
राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केलं. त्यात खासगी जागेवरही कॅरॅव्हॅन पार्कची सोय आहे. व्हॅनवाल्याला खोली नको असते. त्याला हवी सपाट जागा, पाणी, वीज, संडास आणि सांडपाणी टाकायची सोय. किनाऱ्यापासून थोडी आत ज्याची जागा आहे, त्यानं पर्यटन संचालनालयाकडे नीट चौकशी करावी. घरच्या माशाच्या जेवणाला गिऱ्हाईक मिळेल ते वेगळंच.

पण गावानं अटीही घालाव्यात. जाळी सुकतात आणि होड्या लागतात तिथं पतंग नको. ताणलेली दोरी माणसाला कापते. वेळास, मोरजीसारख्या ठिकाणी थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत कासवं अंडी घालायला येतात. तिथं रात्री किनाऱ्यावर गाडी आणि दिवे नकोत. सांडपाण्याची टाकी वाळूत रिकामी करू द्यायची नाही.

मुरूडच्या समुद्रात १ फेब्रुवारी २०१६ रोजी सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. समुद्र शांत दिसतो म्हणून तो सुरक्षित असतोच असं नाही. त्यामुळे पाण्यात उतरण्याआधी स्थानिक मच्छीमारांना विचारावं, एक मित्र कायम काठावर ठेवावा आणि त्याच्या मोबाईलमध्ये दोन नंबर असावेत : आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि समुद्रातल्या बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४.