परिसर-चल आणि देवनागरी मूल्य

बोलीच्या नोंदी डेटाबेसमध्ये भरणारे पॅकेज एकच असते. गाव मात्र बदलते. ‘हे गाव’ या शब्दांचा अर्थ जसा बोलणाऱ्याच्या स्थळावरून ठरतो, तसे पॅकेजमधील मोकळ्या जागेचे मूल्य बाहेरच्या परिसरावरून ठरते. अशा मूल्याच्या धारकास एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजेच परिसर-चल, म्हणतात.

एसक्यूएल सर्व्हरच्या २०१२ च्या आवृत्तीपासून हे चल ‘क्रिएट_एन्व्हायर्नमेंट_व्हेरिएबल’ या स्टोअर्ड प्रोसीजरने निर्माण करता येतात. तिला फोल्डर, परिसर व चल यांची नावे, मूल्याची जात, गोपनीयतेची खूण आणि प्रत्यक्ष मूल्य पुरवावे लागते. परिसर मात्र आधीच निर्माण केलेला असावा लागतो.

वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजार येथील वऱ्हाडी नोंदींसाठी गावाचे नाव मूल्य म्हणून द्यावयाचे आहे, असे समजू. ते युनिकोड जातीच्या तात्पुरत्या चलात ठेवले, परंतु अवतरणचिन्हापूर्वी ‘एन’ हे रोमन अक्षर लिहिले नाही, तर नाव प्रथम डेटाबेसच्या मूळ संकेतावलीत उतरते. ती यूटीएफ-८ नसेल, तर तीत देवनागरीस स्थान नसते. परिणामी पाच अक्षरांच्या जागी नऊ प्रश्नचिन्हे उमटतात. कारण युनिकोड स्वरचिन्हांची गणना स्वतंत्र करते. त्रुटीचा संदेश मिळत नाही. प्रत्येक गाव केवळ प्रश्नचिन्हांची रांग होते, आणि स्थळ गमावलेली नोंद बोलीच्या अभ्यासात पुरावा ठरत नाही. यास्तव चल निर्माण होताच त्याचे मूल्य कॅटलॉगमधून परत वाचून पाहणे अगत्याचे होय.